राहीला सायकल द्यायची नाही

७ मार्च १९९३
परत तेच. बाबांच्या प्रत्येक पत्राची शेवटची ओळ एकच : राहीला हातानं चालवायची तीनचाकी घ्यायची आहे, पैसे पाठव. मी प्रत्येक वेळी लिहितो, नाही. सायकल मिळाली की माझी बहीण जन्मात उठणार नाही. बारा वर्षांची असताना भिंत धरून चालायला लागली, पंधराव्या वर्षी बसली ती बसलीच. पाय तसे माझेही जरा कच्चे आहेत. म्हणून मी गावातच पडून राहिलो का? इतक्या लांब उल्हासनगरात येऊन जीन्सच्या कारखान्यात राबतोच ना? सवाल जिद्दीचा आहे.

११ मार्च
ठरलं. उद्यापासून रोज पन्नास बैठका, दोन अंडी. महिन्याभरात पाय कसे होतात ते राहीला कळवायचं. वाचून लाज वाटली पाहिजे तिला.

१२ मार्च
बैठका एक. वर येताना खाट धरली. आमच्या खोलीची फरशी उतरती आहे. अंडी चार.

१९ मार्च
कापडाचे गठ्ठे माळ्यावर न्यायचं माझं काम. शेठ खालून बोलला, हरी, सीढ़ी चढ़ रहा है या गिन रहा है? सगळे कारागीर हसले. पायऱ्या उंच-सखल केल्यात मिस्त्रीनं, त्याला मी काय करू? सपाटीवर बघा ना मला. अंबरनाथच्या खोलीवरून कॅम्प पाचमधल्या कारखान्यापर्यंत रोज चालत येतो. राहीला घराच्या ओट्यापर्यंत जमत नाही. म्हणजे तिचं वेगळं, माझं वेगळं.

२८ मार्च, रविवार
खोलीतल्या भीमरावबरोबर विहारात गेलो. वंदना झाली, गुडघे टेकून शेवटचा प्रणाम झाला, सगळे उठले. मी उठलो नाही. उठता आलं नाही असं नाही. दोनदा मांड्यांवर हात रेटून बघितले, मग डोकं टेकवूनच राहिलो. शेजारी बसलेल्या द्रौपदीबाई आपल्या मुलाला म्हणाल्या, श्रद्धा बघ याची, नाहीतर तू, चप्पल शोधत पळतोस. शेवटी भीमरावनं काखेत हात घालून उठवलं.

४ एप्रिल, रविवार
श्रद्धेचा परिणाम. चौदा तारखेला जयंतीला विहाराच्या गच्चीवर पंचशील ध्वज लावायचा मान कमिटीनं मला दिला. शिडीवरून जायचं आहे. हो म्हणालो. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? दहा दिवस आहेत. बैठका वाढवायच्या.

१५ एप्रिल
काल शिडीच्या तिसऱ्या पायरीवर अडकलो. वर जाईना, खाली येईना. बँड थांबला. द्रौपदीबाई म्हणाल्या, अरे उतरवा त्याला, पडेल. चौघांनी पोत्यासारखा उतरवला. ध्वज साठीच्या सेक्रेटरींनी लावला, धोतर खोचून. खोलीवर आल्यावर भीमराव म्हणाला, डॉक्टरकडे जाऊ. मी म्हटलं, शिडी हलत होती. तो म्हणाला, शिडी मी धरली होती.

२२ एप्रिल
मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात. पायांना सुया टोचल्या, मशीनवर रेघा उमटल्या. डॉक्टरीणबाईंनी हात पुढे धरायला लावले. बोटं थरथरतात हे मला माहीत नव्हतं. घरात आणखी कोणाला? राहीचं सांगितलं. तिचं वेगळं आहे, ती नुसती बसून असते, असंही सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, एकच आजार आहे, मणक्यातल्या नसांचा, जन्माचा. आईबापांत असतो पण त्यांना होत नाही, पोरांत दिसतो. एकाच घरात एकाचं चालणं लहानपणी सुटतं, दुसरा म्हातारपणापर्यंत काठीवर चालतो. कोणाला किती, ते आपल्या हातात नाही. मी बैठकांचं विचारलं. म्हणाल्या, दमेपर्यंत काही करायचं नाही. मग विचारलं, बहिणीला कोणी आळशी वगैरे म्हणतं का? मी म्हटलं, गावातली माणसं म्हणतात.

२३ एप्रिल
कामावर गेलो नाही. राही पंधरा वर्षांची होती. आई शेतात. मी तिचं ताट दारात ठेवलं आणि म्हटलं, भूक असेल तर उठून घे. ती बसल्या बसल्या सरकत आली. बराच वेळ लागला. हात मातीचे झाले म्हणून परकराला पुसून जेवली. संध्याकाळी मी आईला सांगितलं, बघ, पोचली ना? राही त्याबद्दल आजपर्यंत काही बोललेली नाही.

२ मे
शेठनं गठ्ठ्यांवरून काढून दोरे कापायला स्टुलावर बसवलं. पगार कमी. बसून काम असल्यानं पायांना आराम मिळेल, हे बरंच झालं.
राहीला पत्र लिहायला घेतलं, तीन कागद फाडले. मनिऑर्डरच्या फॉर्मवर मजकुराला चार बोटं जागा असते, म्हणून फॉर्मच आणला. तीही जास्त झाली. लिहिलं : राहीच्या सायकलसाठी. हरी.
सायकल बाराशेला पडते. सगळेच पाठवायचे ठरवले होते.
नव्या पगारातून पाठवतोय तीनशे चाळीस.