फ्रिजच्या दारातली बियर

प्रिय मिलिंद,

आज दुपारी गॅरेजमधल्या तुझ्या फ्रिजच्या नळातून बियरचा पहिला ग्लास भरला. मी भरला! हे तुला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तू विश्वास ठेवला नसतास. म्हणून पाहुणे गेल्यावर ग्लास धुवायचे ठेवून आधी लिहायला बसले.

तू गेल्याला आठ महिने झाले. तेवढे दिवस तो फ्रिज तसाच उभा होता. दाराला नळासाठी पाडलेलं गोल भोक, खाली खोक्यात चकचकीत नळ, आणि कोपऱ्यात केग, म्हणजे स्टीलचं उंच पिंप, तुझ्या शेवटच्या काळ्या बियरनं भरलेलं. तू त्या फ्रिजला केगरेटर म्हणायचास. मी म्हणायचे, तो माझा फ्रिज आहे. खरंच होता ना रे? इडलीचं पीठ, खवलेला नारळ, नागपूरहून आणलेला सावजी मसाला, सगळं त्यात मावायचं. नवा फ्रिज आणलास आणि हा हळूच स्वतःच्या नावावर करून घेतलास. मी आठवडाभर बोलले नव्हते.

बियरवरून मात्र आपण कधी भांडलो नाही. गप्प राहिलो, एवढंच. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दारू आली नाही. आजी म्हणायची, त्या दिवसापासून घरात रात्रीचं जेवण आलं. मी त्या घरातली. आणि तू दिवसभर कंपनीत यीस्ट सांभाळायचास, आणि शनिवारी घरी बियर आंबवायला पुन्हा तेच!

पण तू ग्लास कधी जेवणाच्या टेबलावर आणला नाहीस. एकच प्यायचास, गॅरेजमध्येच, आणि धुऊन ठेवायचास. मी कधी त्यासाठी तुझे आभार मानले का? आज मानते.

आणि हॉलमधली रविवारची वंदना! सगळे पंचशील म्हणायचे. चार शिलं तू खणखणीत म्हणायचास आणि पाचवं, मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं, आलं की गप्प. मी लाजेनं अर्धी व्हायचे. एकदा गाडीत तुला म्हटलं, "नुसते ओठ हलवले असतेस तर काय बिघडलं असतं?" तू म्हणालास, "करुणा, चौथं शील काय आहे? खोटं बोलायचं नाही. पाचव्यासाठी चौथं मोडू?" मला तेव्हा तो वकिली मुद्दा वाटला होता.

दीड महिन्यापूर्वी त्याच हॉलमध्ये पाचवं शील आलं आणि माझ्या डाव्या बाजूनं, तुझ्या खुर्चीतून, एक काका मोठ्या आवाजात ते म्हणाले. मला पुढचं म्हणता येईना. किती वर्षं तुझ्या त्या गप्प बसण्याची लाज बाळगली मी! प्रार्थनेतसुद्धा खोटं न बोलणारा माणूस माझ्या शेजारी बसत होता.

घरी आले आणि तुझ्या मित्राला, गजभिये भाऊजींना, फोन केला. "भाऊजी, त्या केगचं काय करायचं?"

"वहिनी, ती बियर मुरते, पण लोणच्यासारखी नाही मुरत जी. अजून ठेवाल तर फेकावी लागेल."

ओतून देणं सोपं होतं. त्यांना घेऊन जा म्हणणंही सोपं होतं. पण तुझ्या हातचं शेवटचं काही गटारात कसं घालू? आणि दुसऱ्याच्या घरी तरी का पाठवू? म्हटलं, "फ्रिज पुरा करू या."

आता माझी चूक ऐक. तू गेलास त्या आठवड्यात घर माणसांनी भरलं होतं आणि मला हाताला काहीतरी काम हवं होतं. गॅरेजमध्ये गेले तर फ्रिजच्या एका अंगाला पांढरं, वाळलेलं काहीतरी फासलेलं. मला वाटलं, इडलीचं पीठ ओघळलंय. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली सवय, डाग दिसला की पुसायचा. घासून घासून लख्ख केला. पेन्सिलच्या रेघा होत्या, त्याही गेल्या.

भाऊजी ड्रिल घेऊन आले आणि फ्रिजभोवती फिरत राहिले. "वहिनी, इथं मिलिंदच्या खुणा होत्या न जी?"

"कसल्या खुणा?"

"अहो, या पत्र्याच्या आत फ्रिजच्या बारीक नळ्या असतात. बियरला दाब देणाऱ्या गॅस सिलिंडरच्या पाइपसाठी भोक पाडायचं, अन् ड्रिल नळीला लागलं की फ्रिज खलास. त्यानं कॉर्नफ्लोअर लावून नळ्या शोधल्या होत्या. फोटो पाठवतो म्हणाला, राहूनच गेलं."

"मी पुसलं ते."

भाऊजींनी लख्ख पत्र्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "साफ मात्र मस्त केलाय."

मी हसले, आणि मग जी रडले! कॉर्नफ्लोअरसाठी रडणारी बाई पाहिली आहेस कधी?

मग आम्ही तुझाच प्रयोग पुन्हा केला. औषधांच्या डब्यातलं स्पिरिट, त्यात कॉर्नफ्लोअर. मी हातानंच पातळ लेप फासला, फ्रिज चालू केला आणि समोर बसून राहिलो. आतली नळी गरम झाली की तिच्यावरचा लेप आधी वाळतो. आधी काहीच दिसेना. मग एक पांढरी रेघ उमटली, वळली, खाली गेली. ओल्या लेपावर नळ्या एकामागून एक दिसू लागल्या. तूही असाच बसला असशील ना, एकटाच?

आपली यशू जर्सी सिटीहून व्हिडिओवर होती. "मॉम, गॉगल्स घाल! अँड यू डोन्ट ईव्हन ड्रिंक!"

"तुझे बाबा प्यायचे ना."

मग तुझी लेकच मला रेघांमधलं अंतर मोजायला सांगू लागली. चक्क!

दोन रेघांच्या मधल्या जागेत मी पेन्सिलनं फुली मारली, भाऊजींनी भोक पाडलं. फ्रिज जिवंत राहिला. दोन आठवडे केग आत गॅस लावून थंड करायला ठेवला, आणि आज तुझे चार मित्र आले.

भाऊजींनी ग्लास माझ्यापुढे धरला. "तुम्ही ओता, वहिनी."

"मी?"

"मग काय आम्ही? आम्ही पाहुणे."

माझा हात दोनदा मागे आला. खोटं कशाला सांगू? आजी डोळ्यांपुढे उभी राहिली. मग मी नळ ओढला. ग्लासभर फेसच आला! सगळे ओरडले, "मिलिंदचाही पहिला असाच यायचा!" दुसरा नीट भरला. काळाभोर, वर दोन बोटं फेस.

चौघांनी घोट घेतला. मग भाऊजी म्हणाले, "गूळ काय उतरलाय यात, वाह!"

"गूळ?"

"म्हणजे? तुम्हाला माहीत नाही? तो नेहमी घालायचा. म्हणायचा, करुणाच्या डब्यातलाच पाहिजे."

मिलिंद! आणि मी दर महिन्याला गुळाचा डबा रिकामा कसा होतो म्हणून यशूला बोलायचे! मी ग्लास नाकाशी नेला. प्यायले नाही. पण पुरणात गूळ वितळताना येतो तो वास त्यात होता. माझ्या स्वयंपाकघराचा वास इतकी वर्षं तुझ्या ग्लासात होता आणि ते मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

का नाही रे सांगितलंस? पण उत्तर मला माहीत आहे. मी विचारलंच नाही. वास येतो म्हणून गॅरेजचं दार लावून घ्यायचे आणि तू पलीकडे चार-चार तास एकटा उभा असायचास.

यशू नाताळात येणार आहे. तुझी बियरच्या कृतींची वही वाचून एक बियर करून बघते म्हणाली. माझं शील मी पाळेन, ते मोडलेलं तुलाही आवडायचं नाही. पण तुला वचन देते, ती तिथे एकटी उभी राहणार नाही. मी दार उघडं ठेवून शेजारी खुर्ची टाकून बसेन आणि विचारत राहीन, हे काय आहे, ते कशाला, आता किती वेळ उकळायचं? कंटाळून "मॉम, स्टॉप!" म्हणेपर्यंत विचारीन.

तुझी,
करुणा