मॅडमच्या शेवयांचं मशीन

आबा, तुम्हाला स्वयंपाकघरात बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझ्या लग्नाला तीन वर्षं होऊन गेली होती. रोह्याहून दुपारच्या गाडीनं न कळवता पेणला माहेरी आले होते. दार उघडंच होतं. आतून कुणीतरी मोठ्यानं हसत होतं आणि तो आवाज तुमचा आहे हे मला चटकन ओळखूच आलं नाही. आत डोकावले. तुमच्या दुकानातलं जुनं शिलाई मशीनचं टेबल ओट्याशेजारी आणून ठेवलेलं, त्याच्या कडेला एक चकचकीत यंत्र स्क्रूनं आवळलेलं, आणि स्टुलावर बसून तुम्ही त्याचा दांडा फिरवताय. मिशीला मैदा लागलाय. यंत्राच्या दोन रुळांमधून पिवळट पिठाची लांबच लांब पट्टी खाली उतरतेय आणि समोर वहिनी दोन्ही हात पसरून ती झेलतेय. "धर गो धर, जमिनीला लागंल!" तुम्ही ओरडलात, आणि दोघंही पुन्हा हसलात. मग मी दिसले. "आलीस? बस," म्हणालात आणि परत दांडा फिरवायला लागलात. मी पिशवी हातात घेऊन तिथंच उभी राहिले. पाहुणी उभी राहते तशी.

ते यंत्र घरात कसं आलं ते नंतर दादानं सांगितलं. डोलवीच्या कंपनीत मशिनरी बसवायला परदेशी लोक आले होते, दादा तिथंच कंत्राटदाराकडे शिफ्टमध्ये कामाला. त्यातल्या एका इंजिनियरची बायको, तुमची ती 'मॅडम', पेणला भाड्याच्या बंगल्यात राहायची. तिच्या शेवयांच्या मशीनच्या चाकाचा दात तुटला, आणि शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस म्हणून तुम्हाला बोलावणं आलं. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, तिला मराठी. तुम्ही पितळेचा तुकडा कानसून नवा दात करून दिलात, आणि मशीन चालतं का ते दाखवायला तिनं तुमच्यासमोरच मैद्यात अंडी फोडली, पीठ मळलं, पट्टी काढली, शेवया कापल्या, उकळल्या आणि तुम्हाला ताट भरून वाढल्या. पाण्यात मीठ किती घालायचं हे तिनं मूठ दाखवून सांगितलं, तेव्हा मिठागरावर वाढलेले तुम्ही म्हणे खूश होऊन टाळ्या वाजवल्यात. तुम्ही, आणि टाळ्या! नवऱ्याचं काम संपल्यावर परत जाताना तिनं ते मशीन खोक्यासकट तुम्हाला देऊन टाकलं. तुम्ही ते घरी आणलंत आणि निडीजवळच्या खेड्यातून नुकत्याच आलेल्या, एकोणीस वर्षांच्या सुनेच्या हातात दिलंत. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान पोर, पण मोठ्या भावाची बायको म्हणून मी तिला वहिनी म्हणायचं.

तिचं काही चुकलं नव्हतं. हे मी आज लिहू शकते. तेव्हा मात्र तिचं हसणंसुद्धा मला टोचायचं. ती तुमच्याशी बोलायची कशी, तर शेजारच्या काकांशी बोलावं तशी. "आबा, हात धुवा आधी, ऑइल लागलाय." आणि तुम्ही मुकाट्यानं उठून हात धुवायचात! आई गेली तेव्हा मी अकरावीत होते. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही दारात उभं राहून, माझ्याकडे न बघता म्हणालात, "घरात बाईमाणूस नको का?" एवढंच. दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजला गेले नाही. वह्या पत्र्याच्या पेटीत गेल्या आणि मी तुमच्या आणि दादाच्या भाकऱ्या करायला लागले. त्यानंतर लग्न होईपर्यंतची पाच वर्षं मी तुमच्यासमोर ताट ठेवलं. तुम्ही बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून जेवायचात. "ठेव," म्हणायचात. हवं असेल तर "वाढ," नको असेल तर हात आडवा. चांगलं झालंय, वाईट झालंय, काहीच नाही. एकदा मी मुद्दाम वालाच्या भाजीत मीठच घातलं नाही. म्हटलं, आज तरी बोलतील. तुम्ही सगळी भाजी संपवलीत, ताट सरकवलंत आणि दुकानात निघून गेलात.

आणि त्या दिवशी, मी न कळवता आले त्या दिवशी, वहिनीनं त्या शेवया लसूण-मिरचीच्या फोडणीत कोळंबी घालून परतल्या आणि तुम्हाला पहिला घास दिला. तुम्ही तो तोंडात घातलात आणि लगेच म्हणालात, "मीठ कमी हाय गो!"

मी तिथंच बसले होते, आबा. माझ्या ताटातही तेच होतं. मीठ कमी आहे हे तुम्हाला कळतं, आणि ते बोलून दाखवता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

नंतर नंतर मी मुद्दाम यायला लागले. नवऱ्याला सांगायचं, आबांची तब्येत बरी नाही. खरं तर तुम्ही दोघं काय करता ते बघायला यायची. तुम्ही तिला शिकवताय: पीठ मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायचं. पहिल्यांदा रूळ सैल ठेवायचे, पट्टी घडी घालून पुन्हा रुळांत घालायची, मग बाजूचं बटण एक-एक आकडा फिरवत पातळ करत जायची, घाई करायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मशीनला पाणी लावायचं नाही. कोरड्या ब्रशनं झाडायचं, बस. ब्रशही तुम्ही दुकानातला आणून दिला होता. वहिनी त्या शेवया दोन खुर्च्यांमध्ये बांबू ठेवून त्यावर वाळत घालायची आणि गल्लीतली पोरं खिडकीतून बघून जायची. त्या शेवयांना सगळे 'मॅडमच्या शेवया' म्हणायचे. मी एकदाही म्हटलं नाही, की मला दाखवा. तुम्हीही एकदाही म्हटलं नाही, की ये, तू फिरव. मी कोपऱ्यात लसूण सोलत बसायची.

श्रावणात एका दुपारी तुम्ही दुकानात होतात, दादा शिफ्टला, आणि वहिनी गल्लीच्या टोकाच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला गेली होती. त्या दिवसांत बायकांना तिथं काम असायचं. घरात मी एकटीच. फळीवर खोकं होतं. मी ते खाली काढलं, मशीन मोरीत नेलं आणि त्यावर दोन तांबे पाणी ओतलं. दांडा फिरवला, म्हणजे पाणी आत रुळांपर्यंत जावं. मग न पुसता परत खोक्यात घातलं, झाकण लावलं आणि फळीवर ठेवलं. चूक झाली, लक्षात आलं नाही, असं काही नाही. मला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळच्या गाडीनं मी रोह्याला परतले आणि नवऱ्याला चहा करून दिला, रोजच्यासारखा.

गणपतीला आम्ही सगळे पेणला होतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, आज मॅडमच्या शेवया होऊन जाऊ देत. तुम्ही खोकं उघडलंत. रुळांवर तांबडे पट्टे उठले होते, दांडा जाग्यावर अडकला होता. तुम्ही बोट फिरवलंत, बोटाचा वास घेतलात.

"पाणी कुणी घातला ह्याला?"

मी तुमच्याकडे बघत होते. खरं सांगते, तोंड उघडलं होतं मी. पण त्याआधी वहिनी रडवेल्या आवाजात म्हणाली, "आबा, मागल्या खेपेला मी ओल्या फडक्यानं पुसला होता. पीठ चिकटला होता म्हणून. त्याच्यानंच झाला असेल."

तिला खरंच तसं वाटत होतं. आणि तुम्ही तिच्यावर असे काही भडकलात की बाहेर बसलेले माझे मिस्टर उठून अंगणात गेले. "अक्कल हाय का नाय गो तुला? शंभरदा सांगितला, पाणी नको, पाणी नको! डोक्यात काय भुसा भरलाय? बापानं काय शिकवलाच नाय?" ती पदर तोंडाला लावून रडत होती. तासाभरानं बघते तर तुम्ही दोघं अंगणात वर्तमानपत्र अंथरून बसलेले. मशीनचा स्क्रू न् स्क्रू वेगळा काढलेला, ती एकेक भाग रॉकेलमध्ये बुडवून तुमच्या हातात देतेय, नाक ओढतेय, आणि तुम्ही म्हणताय, "आता रडू नको, डोळ्यात रॉकेल जाईल."

मला वाटलं होतं, तिला बोलणी बसली की माझ्या जिवाला थंडावा मिळेल. आबा, उलटंच झालं. मला त्या बोलण्यांचाही हेवा वाटला. 'बापानं काय शिकवलाच नाय' हे तुम्ही तिला म्हणालात, आणि मी तुमची मुलगी दारात उभी राहून ऐकत होते. मला तुम्ही आयुष्यात एकदाही असं बोलला नव्हतात.

तिसऱ्या दिवशी तुम्ही मला सोडायला स्टेशनवर आलात. मिस्टर फलाटावर पुढं गेले होते. गाडीला उशीर होता आणि आपण दोघं बाकावर बसलो होतो, मधे माझी पिशवी. मी एकदम म्हणाले, "वहिनीला केवढं रागावलात."

"रागावणार नाय तर काय."

"मला कधी रागावला नाहीत."

तुम्ही रुळांकडे बघत राहिलात. मग तुम्ही म्हणालात, "तुला कुठल्या तोंडानं रागावू? तुझा कॉलेज मी बंद केला. तू बिनमिठाची भाजी वाढलीस, ती पण खाल्ली. माझ्यासाठी चुलीपाशी बसलीस, तुला काय म्हणून नावं ठेवू?"

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. तेव्हाही कळलं होतं. मी म्हणाले, "ठेवायची होती नावं, आबा. चाललं असतं मला."

"ती सून हाय. तिचा मी काय वाईट नाय केला. तिच्यासमोर बसाया लाज नाय वाटत," तुम्ही म्हणालात. तेवढ्यात गाडी आली. तुम्ही पिशवी उचलून दारापर्यंत दिलीत. त्या वेळी मी सांगायला हवं होतं, की पाणी मी घातलं. तुम्ही मला हक्कानं रागावावं असं काहीतरी मी श्रावणातच केलेलं होतं, आयतं होतं, नुसतं बोलायचा अवकाश. मी बोलले नाही. गाडी सुटल्यावर कासूपर्यंत मी खिडकीत तोंड घालून रडले आणि मिस्टरांना सांगितलं, डोळ्यात काहीतरी गेलं.

त्यानंतर दोन वर्षांनी तुम्ही गेलात, दुकानातच, मान खाली घालून काम करता करता. दिवसकार्य झाल्यावर वहिनीनं ते खोकं माझ्यासमोर ठेवलं. मशीन तोपर्यंत पुन्हा चालू झालं होतं, फक्त एका रुळावर डाग राहिला होता. म्हणाली, "ताई, हे तुमी न्या. आबांचा काय तरी तुमच्याकडं पायजे." तिला ते किती हवं होतं ते मला दिसत होतं. तिनं ते धुतल्या फडक्यात बांधून आणलं होतं. नको म्हणायला हवं होतं. मी घेतलं. तिच्याकडे राहू नये म्हणून घेतलं. रोह्याला आणून माळ्यावर टाकलं आणि इतकी वर्षं खाली काढलं नाही. मधे कधी वहिनीनं विचारलं, करता का हो ताई शेवया, तर मी सांगायची, करते की, मुलांना फार आवडतात. मुलांनी ते यंत्र पाहिलेलंही नाही.

पाण्याचं मी वहिनीला गेल्या महिन्यात सांगितलं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मी चार दिवस तिच्याजवळ राहिले होते. भाजी निवडता निवडता सांगून टाकलं. ती हातातली जुडी निवडत राहिली. मग म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटत होता, आबांचा मशीन मी बिघडवला." रागावली नाही, पण हातातली जुडी खाली ठेवून उठली, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलली. ते बरंच झालं. तेवढं मला मिळायलाच हवं होतं. रात्रीच्या जेवणाला तिनं मला हाक मारली, एवढं पुरे.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही हे मलाही कळतं, आणि पोचणार असतं तर मी लिहिलंही नसतं. काल मी माळ्यावरून मशीन काढलं, कोरड्या ब्रशनं झाडलं, टेबलाला आवळलं. मैदा घेतला, अंडी फोडली. पट्टी तीनदा फाटली, चौथ्यांदा रुळांना चिकटून बसली. मला ते येत नाही, आबा. बघून बघून सगळं पाठ आहे, पण हाताला येत नाही. आज सकाळी वहिनीला फोन केला. म्हटलं, गुडघा बरा झाला की ये चार दिवस रोह्याला, मशीन काढलंय, दोघी मिळून शेवया करू. ती येते म्हणाली. 'मला शिकव' हे शब्द मात्र अजूनही माझ्या तोंडातून निघाले नाहीत.