दगडांचं कॉलेज आणि वकीलसाहेबांचा कोट

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला? दोन्ही बरे आहेत असं धरून पुढे लिहिते, कारण आता मला धीर धरवत नाही. भूगर्भशास्त्राला प्रवेश मिळाल्याचं आईने कळवलंच असेल (बाबा गिऱ्हाइकांना ‘दगडांचं कॉलेज’ म्हणून सांगतात, पण सांगतात प्रत्येकाला, नाडी घालून घ्यायला आलेल्यालासुद्धा). फी आपल्या आवाक्याबाहेरची, म्हणून कॉलेजकडेच आर्थिक मदतीचा अर्ज केला. मदत मिळाली तर कॉलेज, नाहीतर काज-बटणं, इतकं सरळ होतं. निकाल मी शेवटी सांगणार आहे. पान उलटून बघू नका. (बघितलंत ना?)

तर अर्ज बाबांनी स्वतः भरला, आणि घोळ तिथेच झाला. उत्पन्नाच्या रकान्यात त्यांनी खरा आकडा लिहिला, पण मुंगीएवढा. ‘व्यवसायाची स्थिती’ याच्यासमोर मात्र टपोऱ्या अक्षरात लिहिलं, उत्तम, मान वर करायला फुरसत नाही. या दोहोंचा मेळ कॉलेजला लागेना. मग पत्र आलं की रविवारी अकरा वाजता तपासनीस बाई घर पाहायला येतील. आई म्हणाली, येऊ देत, आहे ते दिसेल. बाबांना नेमकं तेच नको होतं. शिंप्याच्या घरचं माणूस उसवलेल्या कपड्यांत दिसलं की दुकानाची अब्रू गेली, असं ते मानतात. म्हणून आम्हा तिघांचे बरे कपडे शोधायला घेतले. ट्रंक उपसली, पलंगाखालची पेटी उपसली, बरं असं काही निघालं नाही. मग त्यांची नजर हँगरवर गेली, गिऱ्हाइकांच्या तयार कपड्यांवर. आई नको म्हणाली. पण बाबांनी एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाहीत.

रविवारी अकराला आमचा थाट बघायला तुम्ही हवे होतात. बाबा वकीलसाहेबांच्या काळ्या कोटात. आई मुख्याध्यापिका बाईंच्या रेशमी जाकिटात, श्वास रोखून (बाई बारीक आहेत). आणि मी, मामा, कार्यक्रमांत गाणाऱ्या एका बाईंच्या टिकल्याटिकल्यांच्या झग्यात. हलले की भिंतीवर चांदणं पडत होतं. तपासनीस बाई कटिंगच्या टेबलापाशी स्टुलावर बसल्या, आम्हाला एकेकाला नीट पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. मी झगा मुठीत धरून चांदणं थांबवलं. बाबा खूश होते, रेघा कौतुकाच्या आहेत असं वाटून.

आता बाबांची खरी करामत ऐका. वीस वर्षांत त्यांनी सांगितल्या दिवशी कपडा दिलेला नाही, त्यामुळे गिऱ्हाइकं रविवारचा वायदा असला की बुधवारी येतात. पण या वेळी दुकानात गर्दी दिसावी म्हणून त्यांनी सगळ्यांना आवर्जून सांगून ठेवलं होतं, कॉलेजच्या बाई यायच्या आहेत, कपडे तयार आहेत, अकराला या म्हणजे या. आणि सगळे आले हो. आधी बाहेरून वकीलसाहेबांची हाक आली. बाबा ‘आत ठेवलाय, आणतो’ म्हणून पडद्याआड, दुकानामागच्या आमच्या घरात गेले आणि कोट हँगरला लावून बाहेर आले. कोट गेल्यावर खालचा शर्ट उघडा पडला. तो पुढून झकास आणि पाठीला अस्तराच्या उरलेल्या सात तुकड्यांचा. वकीलसाहेबांनी कोट अंगात घालून विचारलं, हा गरम कसा? बाबा म्हणाले, आत्ताच इस्त्री केली. मग बाहेर मुख्याध्यापिका बाई दिसल्या. आई पडद्याआड गेली आणि ठिगळाच्या गाऊनमध्ये बाहेर आली. जाकीटही गरम. मग गाणाऱ्या बाई आल्या, आणि मी शाळेचा जुना गणवेश घालून परतले. तपासनीस बाई उठल्या, पडदा सारला, इस्त्रीला हात लावला आणि म्हणाल्या, “ही तर थंडगार आहे.”

बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, “बाई, पोरगी हुशार आहे, ती बघा. आमच्या ठिगळांकडे बघून देऊ नका.” मामा, मला तिथे रडू आलं, आणि रागही आला, आणि बाबांचा इतका अभिमान वाटला की काय करू ते सुचेना. बाईंनी मघाचं पान खोडलं, बाबांना पाठमोरं उभं राहायला सांगितलं आणि तुकड्यांचे जोड मोजत बराच वेळ लिहीत बसल्या.

काल पत्र आलं. मिळाली. तीन चतुर्थांश फी माफ, चारही वर्षं. शेरा असा आहे: अंगावरचे कपडेही स्वतःचे नाहीत, शिवण मात्र उत्कृष्ट. बाबा त्यातला फक्त उत्तरार्धच लोकांना वाचून दाखवतात.

मामीला नमस्कार. गुडघ्याला शेकत जा.

तुमची लाडकी भाची

ता. क. उरलेल्या चतुर्थांशाची पंधरा तारखेपर्यंत सोय व्हायची आहे. बाबा सासुरवाडीकडून एक पैसा घेणार नाहीत, तुम्हाला ठाऊकच आहे. पण आलेलं काम त्यांनी कधी परत पाठवलेलं नाही. तर मामा, तुम्हाला दोन कोट हवे आहेत. जाकिटासकट. कापड भारीतलं सांगा, पैसे आगाऊ पाठवा. यातलं काही बाबांना कळता कामा नये.

आणखी एक. पत्र टाकायला बाबांकडेच देते आहे. ते दुसऱ्याचं पत्र कधी वाचत नाहीत.

रा. रा. मेहुणे यांस स. न. वि. वि. मुलीने पाकीट चिकटवले नव्हते. चिकटवताना नजर गेली, चारही पानांवर. दोन्ही कोट शिवीन. माप माझ्याकडे आहे, पोटाला दोन इंच वाढवून धरतो. भाव नेहमीचा, सवलत नाही. आगाऊ रक्कम पंधरा तारखेच्या आत यावी. मी वाचले हे तिला कळू देऊ नये.