एक टोपली माती

पेण
१२ एप्रिल १९९९

प्रिय मृणाली,

तुझं जाडजूड पाकीट शनिवारी मिळालं. पोस्टमनने दारातच विचारलं, काय बाई, रिटायर झालात तरी पेपर तपासायला येतातच का? मी म्हटलं, हो बाबा, ही जन्मठेप आहे. पाकिटात तुझं पत्र आणि लग्नपत्रिकेचा मजकूर, शुद्धलेखन तपासून दोन दिवसांत परत पाठवा अशा हुकुमासकट. आज सोमवार. दोन दिवस मी नुसती पत्र उघडते आहे आणि मिटते आहे. पत्रिकेचं शेवटी बोलते. आधी तुझ्या बागेचं.

जूनपासून शाळेत परसबाग करायची म्हणतेस, मुलांनी पिकवलेलं मुलांनी खायचं, विकतचं खत नको, विकतचं बी नको, अगदी बाई तुमच्या बागेसारखी. वाचून डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मग ऐक. बी मुलांकडून घरूनच मागव, पाकिटातलं आणू नकोस. ज्याच्या आजीने चुलीवर टांगून ठेवलेला दुधी असेल, त्याने तो आणावा आणि आजीचं नावही सांगावं. हात धुतात तिथे अळू लाव, ते पाणी फुकट जातं. खड्डा दोन हात खोल पुरे. पालापाचोळा, शेण, भाजीचे देठ, थरावर थर. पडवळाच्या टोकाला दगड बांधायला पोरांना फार आवडतं, त्यावरून मारामाऱ्या होतात, पाळी लावून दे. आणि एक गोष्ट लाल अक्षरात लिहून घे. वाफ्यासाठी माती कुठून आणायची ते स्वतः जाऊन दाखव. "आपापल्या घरून एक टोपली माती आणा" असं वर्गात उभं राहून कधी सांगू नकोस. मी तेच सांगितलं होतं.

तू म्हणशील, त्यात काय एवढं? अगं, मी रोह्याची. आमच्याकडे गोड जमीन. शेतातून टोपलीभर माती उचलली तर कुणी विचारतही नाही. तुमचं गाव खाडीकाठचं, चारी बाजूंनी खारं पाणी, मध्ये एका बांधाने राखलेली भाताची शेतं. तिथे मी तीन वर्षं शिकवत होते, पण शिकले काहीच नव्हते. जूनअखेर तुमच्या शेतांत मोड आलेलं भात फेकलेलं असतं. त्यात पाय टाकला तर पोराच्या पाठीत धपाटा बसतो. अंगणात सगळा मुरूम. मग बेचाळीस पोरांनी माती आणायची कुठून? ज्या मातीला कुणी शेत म्हणत नाही तिथून. बांधाच्या आतल्या अंगाची, काळी, लोण्यासारखी माती. एकाने दाखवली, सगळ्यांनी एकाच जागेवरून उचलली. दोन वाफे झाले, तिसऱ्यासाठी मी पुन्हा पाठवलं. किती छान माती गं, म्हणून मी कौतुक केलं. तूही आणली होतीस, तुझ्या आईच्या मासळीच्या टोपलीतून. वर्गभर वास सुटला होता, आठवतं?

पुढे श्रावणात एके दिवशी तुझे बाबा शाळेत आले. बांधावर राखणीची प्रत्येक घराची पाळी असे, त्या महिन्यात ती तुमच्या घराकडे होती. पायरीखालीच उभे राहिले, वर या म्हटलं तरी येईनात. म्हणाले, "बाई, पोरांनी बांदाची माती नेली. खड्डा परलाय कमरंएवढा. उधान आलं तं तिथं खांड परंल." खांड म्हणजे बांधाला भगदाड, हेसुद्धा मला त्यांनीच समजावून सांगितलं. मला राग आला. त्यांचा नाही, माझी चूक निघाली त्याचा. मी तोऱ्यात सांगितलं, काळजी करू नका, शनिवारी श्रमदानाला मुलांना घेऊन येते आणि खड्डा भरून देते. ते म्हणाले, बाईंनी सांगितलं म्हंजे झालं. आणि गेले. त्यांनी गावात कुणाला सांगितलं नाही, कारण मी शब्द दिला होता. तो शनिवार आला तेव्हा मी मुलांकडून तक्ते रंगवून घेत होते. तालुक्यातल्या बागांची तपासणी लागली होती, पहिला नंबर आपला यायलाच हवा होता. त्याच्या पुढचा शनिवारही तसाच गेला.

अमावस्येचा दिवस तुला नीट आठवत असणार. साहेब आले, तू नवा परकर-पोलका घातला होतास, आणि तुलाच बोलायला उभं केलं होतं. भर दुपारचं उधाण होतं. गावातले गडी गणपतीच्या बाजाराला पेणला गेलेले, बायका पलीकडच्या शेतांत बेणणीला, तण काढायला. तुझे बाबा सकाळपासून एकटे त्या खड्ड्यात माती लोटत होते आणि पुरं पडत नव्हतं. म्हणून ते शाळेत आले. गावात तेवढे हात एकाच ठिकाणी शाळेतच होते ना! चिखलाने माखलेले, तुम्हा सगळ्यांच्या पाठीमागे बागेच्या कुडाशी उभे राहून त्यांनी मला हाताने खूण केली. मी जवळ गेले. ते म्हणाले, पोरं द्या अर्धा तास, टोपल्या घेऊन. मी म्हटलं, थांबा थोडं, साहेब गेले की लगेच पाठवते. अजून भरतीला वेळ आहे ना? ते म्हणाले, हाय थोरा. आणि थांबले.

नेमकं तेव्हा साहेबांनी तुला विचारलं, खत म्हणजे काय? तू मान वर करून खणखणीत सांगितलंस, जे मातीकडून घेतलं ते मातीला परत द्यायचं, ते खत. साहेब खूश. त्यांनी तुला आणखी विचारलं, आणखी विचारलं, आणि तू बोलतच राहिलीस, गो बाय, तेव्हा तुझं तोंड कुठे बंद व्हायचं! मी एकदा कुडाकडे पाहिलं. तुझे बाबा तुझ्याकडे बघत होते. तसा चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही. मग पाहिलं तर ते नव्हते, आणि बांधाकडून ओरडा ऐकू आला.

पुढचं सगळ्या गावाला माहीत आहे. तेवीस घरांच्या पोटरीला आलेल्या भातात खारं पाणी शिरलं, आणि तीन वर्षं तिथे गवतसुद्धा उगवलं नाही. लाल तांदळाचं बी गावातून गेलं ते गेलंच. देवळासमोर बैठक बसली, मला मानाने खुर्ची दिली होती. तुझ्या बाबांना विचारलं, कान्हू, पाळी तुझी, तू होतास कुठं? मी खुर्चीत बसून होते, मृणाली. आता बोलतील, आता माझं नाव घेतील, म्हणून मी पदर मुठीत धरून बसले होते. ते एवढंच म्हणाले, "चुकलो." कुणीतरी मागून बोललं, वडखळला ढोसत बसला असंल. आणि तेच खरं ठरलं. त्यांच्या घरची पाळी काढून घेतली, म्हणजे तुमच्याकडे ते घर गावातून उठल्यासारखंच, हे तुला मी सांगायला नको. आई तुला घेऊन पेणला मामाकडे आली. बाबा धाटावला कंपनीत लागले. आपल्या बागेचा तालुक्यात पहिला नंबर आला. ते प्रशस्तिपत्र कालपर्यंत माझ्या भिंतीवर होतं.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या बाबांकडे गेले होते. एवढं तरी केलं, पण कशासाठी ते ऐकशील तर थुंकशील माझ्यावर. ते आता गावाला सांगतील का, हे बघायला गेले होते. त्यांनी मला पाट दिला. म्हणाले, "तुमचं नाव नाय येनार, बाई. पन एक करा, पोरीला कंदी सांगू नका. ती बोलत व्हती म्हनून मी थांबलो. तिच्या जिवाला लागंल." मी मान हलवली. किती सोपं पडलं मला ते! त्यांनी तुझ्यासाठी तोंड बंद ठेवलं आणि त्या आडोशाला मी दहा वर्षं लपून राहिले. तू दर दिवाळीला मला भेटायला यायचीस, दारू प्यायलेल्या बापाने गाव बुडवलं म्हणून सांगायचीस, आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवायचे. लाज वाटते गं. नुसतं लाज म्हणून भागत नाही, पण दुसरा शब्द मला सुचत नाही.

आता तू शहाणी आहेस, तेव्हा बाईंचं शेवटचं ऐक. तुझा काही दोष नाही. दहा वर्षांची पोर विचारलं ते सांगत होती. माती मी मागितली, शब्द मी दिला, थांबा मी म्हटलं. येत्या रविवारी बांधाची बैठक आहे, तिथे जाऊन मी हे सगळं उभी राहून सांगणार आहे, खुर्ची न घेता. पण त्याआधी तुला कळायला हवं होतं, आणि तेही आजच. कारण शनिवारी तुझी पत्रिका वाचली. आशीर्वाद देणाऱ्यांत मामा, मामी, चुलते, मीसुद्धा आहे. कन्या कोणाची, तिथे मामांचं नाव. तुझे बाबा तुझ्या शाळेजवळच्याच अष्टमी गावात राहतात, पुलाजवळ. सकाळच्या शिफ्टला सायकलने जातात ते तुझ्या शाळेच्या रस्त्याने, लांबच्या वाटेने, कशासाठी ते मी सांगायला नको. मी हे लिहिते आहे ते त्यांना माहीत नाही. त्यांना दिलेला शब्द मोडते आहे, पहिलाही कुठे पाळला होता? मजकूर सोबत परत पाठवते. शुद्धलेखन चोख आहे, कुठे काना-मात्रेचीसुद्धा चूक नाही. लाल शाईने एकच दुरुस्ती केली आहे, एक नाव खोडून तिथे दुसरं लिहिलं आहे. शुक्रवारी छापखान्यात देण्याआधी तेवढं बघ.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
वत्सलाबाई