गंध लागलेले सेन्सर नववीच्या वर्गाला परत देण्याबाबत

प्रति,
मा. कार्यवाह श्री. शरदचंद्र देवधर,
कावेरीतीर मराठी शिक्षण मंडळ,
म्हैसूर.

विषय: काचेच्या कपाटात ठेवलेले ऑक्सिजन सेन्सर बाहेर काढून नववीच्या विज्ञानाच्या तासाला देणे.

संदर्भ: १) अर्जदाराचा कन्नडमधील अर्ज, आपण परत केलेला.
२) 'उपकरणे सदोष असल्याबाबत' हे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार त्र्यंबक रंगराव मोहिते, बेळगोळच्या कारखान्यातून निवृत्त झालेला स्टोअर क्लार्क, हा आपल्या शाळेतील विज्ञान शिक्षिका कै. तारा मोहिते यांचा नवरा आहे. मागचा अर्ज आपण परत केलात. त्यावर लाल शाईने 'संस्थेचा कारभार मराठीत चालतो. शिवाय अर्जात मी-माझे फार आहे' असा शेरा होता. म्हणून हा अर्ज मराठीत आहे आणि अर्जदाराला यात अर्जदारच म्हटले आहे. चार पिढ्या म्हैसुरात गेल्या, त्यामुळे मराठीत काही कमी-जास्त असेल. आपण पुण्याहून आलेले आहात, समजून घ्याल. या वेळी अर्ज परत करायला दुसरे कारण शोधावे लागेल.

२. ऑक्सिजन सेन्सर म्हणजे काय हे आपल्याला अजून ठाऊक नाही अशी अर्जदाराची खात्री आहे, म्हणून सांगतो. मुठीत मावेल एवढी डबी असते. तिच्या एका टोकाला जाळीची बारीक भोके असतात. ते टोक बाटलीच्या तोंडात बसवायचे. वायर नाही. बाटलीतल्या हवेत ऑक्सिजन किती आहे ते वर्गातल्या टॅबवर रेघ होऊन दिसते. बाटलीत मोड आलेले मूग घातले की रेघ हळूहळू खाली येते, कारण मूग श्वास घेतात. पालकाची पाने घालून बाटली उन्हात ठेवली की रेघ वर जाते. अर्जदार विज्ञान शिकलेला नाही. ताराचा प्रत्येक प्रयोग आधी घरच्या जेवणाच्या टेबलावर व्हायचा आणि अर्जदाराला ताट मांडीवर घेऊन जेवावे लागायचे, तेवढ्यावरून माहीत आहे. तिने हे सेन्सर संस्थेकडे मागितले तेव्हा 'फळा आहे, खडू आहे, अजून काय पाहिजे?' असे उत्तर मिळाले होते. मग तिने ते स्वतःच्या पगारातून घेतले. नववीला तिचा प्रयोगाचा तास गुरुवारी असायचा. मंगळवारी घरात मूग भिजायचे, बुधवारी फडक्यात बांधले जायचे.

३. झाकलेली मेणबत्ती ऑक्सिजन संपला की विझते, असे मुले गाईडमधून पाठ करतात. ताराने बरणीत मेणबत्तीशेजारी सेन्सर ठेवला. मेणबत्ती विझली, पण रेघ थोडीच खाली येऊन थांबली. वर्षिणी नावाच्या मुलीने विचारले, "मिस, विझली तर मग एवढा उरला कसा?" हा प्रश्न ताराने घरी येऊन अर्जदाराला पोळ्या करताना सांगितला, वाढताना सांगितला आणि झोपताना परत सांगितला. पुढे वर्षिणीने परीक्षेत जे डोळ्यांनी पाहिले ते लिहिले आणि संस्थेने नेमलेल्या परीक्षकाने तिचे गुण कापले. तारा आपल्याकडे आली तेव्हा आपण म्हणालात, "मॅडम, मुलांना पेपर लिहायचाय, शोध नाही लावायचा." हे वाक्य आपण विसरला असाल. अर्जदाराच्या घरात ते बरेच दिवस जेवायला बसत होते.

४. तारा फुप्फुसाच्या आजाराने गेली. शेवटी घरात ऑक्सिजनचे मशीन चालू असायचे आणि तिला खुर्चीतून उठवत नव्हते. तेव्हाही एक सेन्सर तिच्या हाताशी असायचा. ती खोलीतली हवा मोजायची आणि सांगायची, "बघा हो, हवेत काही कमी नाही. मलाच घेता येत नाही." अर्जदाराने तिला असली थट्टा करू नकोस म्हणून सांगितले होते. तिने ऐकले नाही.

५. शाळा उघडल्यावर अर्जदाराने सगळे सेन्सर संस्थेला दिले आणि सोबत लिहून दिले की हे मुलांच्या हातात असावेत. आपण कार्यक्रम केलात. शाल दिलीत, नारळ दिलात, भाषण केलेत. भाषणात ताराबाईंना फुलांची आवड होती असे आपण म्हणालात. तिला फुलांनी शिंका यायच्या. त्यानंतर मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर काचेचे कपाट आले, त्यात लाल मखमल, मखमलीवर आडवे निजवलेले सेन्सर, मागे ताराचा फोटो, फोटोला हार आणि कपाटाला कुलूप. किल्ली आपल्याकडे. हे सेन्सर उभे ठेवायचे असतात, हे डब्यावर लिहिलेले आहे. डबा आपण टाकून दिलात. नवे विज्ञान शिक्षक श्रीवत्स सर यांनी किल्ली मागितली तेव्हा 'नोडोण', म्हणजे बघू, असे सांगितले गेले. आपण कन्नडमधले अर्ज परत करता, पण हा एक शब्द आपल्याला चांगला येतो.

६. आता मुख्य तक्रार. दसऱ्यात आयुधपूजेला शाळेतली घंटा, संगणक, बस, झेरॉक्सचे मशीन यांची पूजा झाली. त्यात कपाट उघडून सेन्सरांचीही पूजा झाली. गंध ओले करून लावले, त्यावर हळद, त्यावर कुंकू. लावायचे कुठे, तर जाळीच्या भोकांवर, कारण ते तोंड वाटले. अटेंडर नरसिंहमूर्ती यांना अर्जदाराने विचारले. ते म्हणाले, "पूजे माडदे हेगे इडोदु, सार?" पूजा केल्याशिवाय ठेवायचे कसे. त्यांनी फक्त तबक धरले होते, त्यांच्यावर अर्जदाराचा राग नाही. गंध आपण स्वतःच्या बोटाने लावलेत. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आहे. चेहरा कापला गेला आहे, पण पुष्कराजाची अंगठी स्पष्ट आहे. अर्जदारही घरात आयुधपूजा करतो. स्कूटरला गंध लावतो. पेट्रोलच्या टाकीत घालत नाही.

७. त्यानंतर पाहुणे आले म्हणून आपण एक सेन्सर काढून बरणीत ठेवलात. मेणबत्ती विझली, रेघ हलली नाही. श्वास कोंडलेल्याने बोलावे कसे? यावर आपले पत्र आले: दिलेली उपकरणे सदोष आहेत, ती घेऊन जावीत, आणि कपाट रिकामे दिसू नये म्हणून अर्जदाराने 'दिवंगत शिक्षिकेच्या स्मृतीस साजेसे चांदीचे निरांजन' द्यावे. हे पत्र अर्जदाराने भावाला दाखवले. त्याला ती थट्टा वाटली. संस्थेचा शिक्का दाखवावा लागला.

८. अर्जदार अजून मंगळवारी मूग भिजवतो. काय करणार, हाताला सवय आहे. गुरुवारी डबा शाळेत आणून देतो आणि नववीला द्या म्हणून सांगतो. मागच्या गुरुवारी आपल्या स्टाफरूममध्ये त्या मुगाची कोसंबरी, म्हणजे कोशिंबीर, केली गेली. मुख्याध्यापिका सीतालक्ष्मी बाईंनी फोन करून कळवले, "छान झाली होती हो, लिंबू थोडं कमी पडलं." अर्जदाराने फोन ठेवला आणि कागद घेतला. म्हणून हा अर्ज.

९. आणखी एक गोष्ट आपल्याला कोणी सांगितली नसेल. या सेन्सरच्या आत जे असते ते वापरले नाही तरी संपत जाते. तारा म्हणायची, कपाटात ठेवला तरी हा रोज थोडा थोडा सरतो, म्हणून हात आखडता घ्यायचा नाही. म्हणजे आपण कुलूप लावून काही जपत नाही. ताराने निवडलेली वस्तू, जिच्यात अजून थोडी धुगधुगी आहे, ती आपण हार घालून संपवत आहात. एकदा ते घरात डोळ्यांसमोर घडले, तिथे इलाज नव्हता. इथे एक किल्ली आहे आणि ती आपल्या खिशात आहे.

१०. तरी विनंती, की किल्ली आजच श्रीवत्स सरांना द्यावी. सेन्सर त्यांनी साफ करावेत. जे गेले असतील त्यांच्या जागी अर्जदार नवे आणून देईल, पावतीवर कोणाचेही नाव नको. ते नववीच्या मुलांच्या हातात द्यावेत. पडले, फुटले, शाई लागली तरी अर्जदाराकडे कळवू नये. ताराचा फोटो कपाटातून काढून अर्जदाराला परत करावा. तिला घरी जागा आहे. निरांजन मिळणार नाही.

११. हे न झाल्यास अर्जदार दर गुरुवारी शाळेच्या फाटकाबाहेर टेबल टाकून बसेल. टेबल तेच, जेवणाचे. त्यावर बरणी आणि मेणबत्ती असेल. सेन्सर नसेल, तो कुठे आहे हे विचारणाऱ्या प्रत्येक पालकाला सांगितले जाईल. वॉचमनने उठवले तर अर्जदार उठेल आणि पुढच्या गुरुवारी परत येईल. त्याला दुसरे काम नाही.

आपला
(यापुढे 'नम्र' लिहायची रीत आहे. ती मागच्या अर्जात पाळून झाली.)

त्र्यंबक रंगराव मोहिते
म्हैसूर, गुरुवार, दिनांक २१ नोव्हेंबर २०२४

सोबत:
१) आयुधपूजेचा फोटो, अंगठीसह.
२) निरांजनाबाबत आपले पत्र, मूळ प्रत. संस्थेने जपून ठेवावे.
३) मोड आलेले मूग, एक डबा. खाण्यासाठी नाहीत. झाकण सैल ठेवले आहे, घट्ट लावू नये. जिवंत आहेत. नववीचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर आहे, तोपर्यंत टिकतील.