दाजींची फटफटी आणि मागची एकच बैठक

मुक्काम मुडबी, निजाम इलाखा, महिना बहमन, १३४७ फसली

तीर्थस्वरूप सौ. सत्यभामाअक्काच्या पायांवर धाकट्या अंबाजीचं डोकं. इकडं एक म्हैस सोडली तर सगळे खुशाल आहेत (ती लंगडायलीय). तिकडं खजुरीला लेक कशी आहे? नातवाला घुटी मानवली का? नाक आपल्याकडचं आलंय असं कळलं, फार बरं झालं. दाजींचं आलं असतं तर पाळणा मोठा करावा लागला असता. तुझ्या भावजयीनं, सोजरानं, डिंकाचे लाडू वळलेत. कुणी येणारं मिळालं की धाडते.

पत्रास कारण की, तू लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला गेलीस आणि तुझ्या माघारी दाजींनी फटफटी घेतली. बदलून गेलेल्या कुण्या इंजिनेर साहेबाची. शेजारी एका चाकाची डोली जोडलेली, डोलीला कातड्याची गादी. मला तिचं काडीचं अप्रूप न्हाई, हे आधी सांगतो. माझी खिल्लारी जोडी मला पुष्कळ आहे. (पंधरा दिवसांत चारदा तुमच्या मन्नाएखेळ्ळीला जाऊन ती बघून आलो, पण तेही कामानंच गेलो होतो.) आता शिमग्याला दाजी इंग्रजी हद्द ओलांडून समुद्र बघायला निघालेत. वाळूवर तंबू ठोकून राहणार म्हणे! डोलीत तंबू, भांडी, पेट्रोलचे डबे. म्हणजे माणसाला जागा उरली मागची एकच. त्या जागेवर काशप्पा टपून बसलाय. काशप्पा, तोच तुमच्या गल्लीच्या तोंडाचा अडत्या, सदा हसणारा. मी तुझ्या पाठचा सख्खा भाऊ, आणि तो कोण गं? पण मला काय त्याचं!

तर समुद्राच्या आधी तालीम म्हणून दाजींनी आम्हा दोघांना कल्याणीकडच्या तळ्यावर मुक्कामाला नेलं. गुरुवारी कचेरी सुटल्यावर निघायचं, जुम्म्याची सुट्टी तिकडंच काढायची. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मी डोलीकडं निघालो, तर आत काशप्पा आधीच बसलेला, मांडीवर तंबू, सासरी निघालेल्या नवरीसारखा. मला मागच्या लोखंडावर बसवलं. कल्याणीच्या वाटेला खड्डे किती आहेत हे सरकारला ठाऊक नसेल, मला एकूण एक ठाऊक झालेत. अजून उभ्यानंच जेवायलोय. वर काशप्पा डोलीतून मान काढून विचारायचा, "अंबाजीअण्णा, बरं हाय न्हवं?" कामून विचारतोस बाबा? तू आपला गादीवर बस.

तळं मात्र छान होतं. पाण्यावर बगळे, काठाला मऊ वाळू. दाजी म्हणाले, असाच समुद्र, फक्त पलीकडचा काठ काढून टाकायचा. मी पलीकडचा काठ हातानं झाकून बघितला, अक्का. पलीकडं काठच न्हाई म्हणजे कसं दिसत असेल गं? मग तंबू. मी चार खुंट्या ठोकेपर्यंत काशप्पानं आठ ठोकल्या. जेवणं सुरू झाली तर माझ्या सोजराची भाकरी आणि ठेचा तसाच राहिला, आणि त्याच्या बायकोनं, गुरुबाईनं, दिलेल्या कडक भाकरी, शेंगाचटणी दाजींनी वाहवा करत संपवल्या. (मीही तीन खाल्ल्या. चांगल्या होत्या. हे सोजराला कळू देऊ नको.) शेवटी दाजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "काशप्पा, समुद्रावर तूच चल." मी तिथंच होतो, अक्का. वाटी धूत होतो.

सकाळी फटफटी सुरूच होईना. दाजींनी लाथा मारमारून घाम गाळला. टाकीचं झाकण उघडलं तर आत पेट्रोलात पाणी! तांब्या-दोन तांबे तरी सहज असेल. कसं गेलं, देव जाणे. मी कुणाचं नाव घेत न्हाई, पण काशप्पा पहाटे तांब्या घेऊन त्याच बाजूनं गेला होता. शेवटी शेजारच्या शेतातल्या हावगेप्पाचे बैल आणले, दाव्यानं फटफटी बांधली आणि वाजतगाजत नव्हे, मान खाली घालून गावात आलो. बैल मात्र खुशीत होते. आता दाजी काशप्पाशी बोलत न्हाईत. मला फार वाईट वाटतंय, असं समज.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवायला खर्च लागत न्हाई.
तुझा धाकटा,
अंबाजी

ता. क. मागची बैठक आता रिकामीच आहे, तर तू दाजींना दोन ओळी लिही, की घरचं माणूस बरोबर असावं. माझं नाव सुचव, पण मी सांगितलं असं लिहू नको. डोळ्यांवर लावायचा काळा चष्मा मी आणून ठेवलाय, तो उगाच.

ता. क. दुसरा. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. पाणी मी घातलं. आपल्या अप्पांनी शिकवलंय ना, मुक्कामाला पोचलं की आधी जनावराला पाणी, मग माणसानं प्यायचं. फटफटी तापून फुसफुसायली होती, आणि कुणाचं तिच्याकडं लक्ष न्हाई. सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर दर गावाला मोटारीच्या नाकात पाणी ओततो, हे मी स्वतः पाहिलंय. म्हणून वरचं झाकण काढून दोन तांबे पाजले. वर पाठीवरून हातही फिरवला. रागानं केलं न्हाई, तुझी शपथ. तेव्हा दाजींचं ते 'समुद्रावर तूच चल' सुद्धा व्हायचं होतं.

ता. क. तिसरा, आणि खरा. काशप्पानं मला पाजताना पाहिलं होतं. सकाळी दाजी भडकले तेव्हा माझा चेहरा बघून तोच पुढं झाला. "उद्धवराव, माझ्याच हातनं झालं," असं दाजींना म्हणाला, आणि मी बैल बघायच्या निमित्तानं सटकलो. डोली त्याची, कौतुक त्याचं, आणि आता माझी चूकसुद्धा त्यानंच घ्यावी? चांगुलपणातही मेला माझ्या पुढंच! मला सहन होईना गं. दाजींना खरं काय ते लिही, आणि काशप्पालाच न्या म्हणावं. मी पेट्रोलचे डबे मांडीवर घेऊन डोलीत बसतो. तहान लागली तरी तांब्याला हात लावणार न्हाई.