औषधाचं दुकान नसलेला रस्ता

दि. ४ मार्च

चि. खुडबुड्यास ताईचे आशीर्वाद, वि. वि.

आज सकाळी दुकान उघडलं. तीन गिऱ्हाइकं आली. एका आजोबांच्या चष्म्याची डावी काच मी उजवीकडे बसवली. ते दारापर्यंत गेले आणि पायरी वर आली आहे म्हणत परत आले. तुझे भाऊजी गेल्याला दोन महिने झाले. तेव्हापासून काचा घासायला मीच बसते, पण चाक माझं ऐकत नाही. चष्मे विकण्यापेक्षा घडवणं अवघड, हे मी यांच्यापाशी वीस वर्षं कबूल केलं नव्हतं.

तुझ्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या बाईंचा फोन आला होता. सोळा तारखेला तुला सोडणार, घरी ठेवून घ्याल का, असं विचारत होत्या. मी कळवते म्हटलं. गोळ्या घेणं ही ज्याची त्याची मर्जी, असं हे म्हणायचे आणि मलाही तसंच वाटत आलं. खांदा दुखत होता तोवर ठीक. बरा झाल्यावर कोणी तुझं तोंड उघडून गोळी टाकत नव्हतं. पण ते जाऊ दे. यांना अखेरचं पोचवायच्या दिवशी तू आला नाहीस. दुपारी बसथांब्याजवळच्या बाकावर गुंगीत सापडलास. ते तू ठरवून केलंस का, एवढं सांग. मग मी बाईंना उत्तर देते.

तिथे तुला सहाला उठवतात म्हणे. यांना हे ऐकायला मिळायला हवं होतं.

राग आहे, लोभही आहे. दोन्ही सांभाळून घे.

तुझी ताई

दि. ८ मार्च

ती. ताईस खुडबुड्याचा सा. न., वि. वि.

सहाला उठतो, पण जागा साडेसातला होतो. इथे मी सगळ्यांचे चष्मे दुरुस्त करतो. स्वयंपाक्याचा सरळ करून दिल्यापासून माझ्या ताटात जरा जास्त पडतं.

आता तू विचारलंस ते. त्या दिवशी मी भाऊजींसाठीच निघालो होतो. इस्त्रीचा शर्ट घातला होता. बसमधून उतरलं की कोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे, डॉक्टरांची चिठ्ठी न मागणारं. मागच्या गल्लीने गेलो तर ते लागणार नाही, हे मला बसमध्येच आठवलं होतं. तरी पुढूनच गेलो. दुकानासमोर आल्यावर माझं काही चाललं नाही, हे खरं. पण त्या रस्त्याला मीच वळलो, हेही खरं. इथले डॉक्टर म्हणतात हा आजार आहे, तुमचा दोष नाही. शेजारच्या खाटेवरचे मास्तर स्वतःला दिवसभर शिव्या घालतात. मला दोघांचंही पुरतं पटत नाही. भाऊजींचं निम्मं बरोबर होतं, असं म्हणतो. सगळं म्हटलं असतं तर ते महिनाभर मिशीत हसले असते.

नाही ठेवून घेतलंस तरी समजेन. मास्तरांच्या ओळखीत एक खोली आहे. काचा मात्र बघून बसव.

लोभ मागायला तोंड नाही, म्हणून नुसता नमस्कार.

तुझा खुडबुड्या

दि. १२ मार्च

चि. खुडबुड्यास आशीर्वाद, वि. वि.

काल दुपारी दुकान बंद ठेवलं आणि बसथांब्यापासून घरापर्यंत औषधाचं दुकान नसलेला रस्ता शोधला. मोठ्या रस्त्यावर चार आहेत. तुझ्या त्या मागच्या गल्लीतही आता एक उघडलंय. उद्घाटनाचे फुगे अजून लोंबताहेत. त्या फुग्यांना मी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. शेवटी लॉन्ड्रीमागून शाळेच्या भिंतीकडेने एक वाट निघाली. पंचवीस मिनिटं जास्त लागतात. वाटेत कुत्रा आहे. तो चावत नाही, असं लॉन्ड्रीवाल्याने शपथेवर सांगितलं.

नकाशा सोबत आहे. हसू नकोस, शाळेत माझी चित्रकला कशी होती ते तुला ठाऊक आहे. मी न्यायला येणार नाही. उतरल्यावर कुठे वळायचं एवढं तुझ्या हातात होतं, असं तूच लिहिलंस. तेवढं तुझ्याकडे राहू दे. आणि पुन्हा घसरलास तर दार लावून घेणार नाही, बाईंना फोन करीन. तेवढं माझ्याकडे. बाईंना हो कळवलं आहे. हे असते तर आधी नको म्हणाले असते आणि मग स्वतःच तुझी गादी उन्हात टाकली असती.

लोभ आहेच, तो वेगळा मागायला नको.

तुझी ताई

ता. क. ती वाट दोनदा चालून पाहिली. टाचांना फोड आलेत. पाणी तापलंय, आता पाय बुडवून बसते.